ह्यू मास्तरांच्या पद्धतीनं वाचायचं असेल तर

सगळ्यात आधी एक छापील प्रत ठरवा आणि काम संपेपर्यंत ती सोडू नका. घरी एक, प्रवासात दुसरी, मध्येच मोबाइलवर तिसरी असं चालणार नाही. ही अट माझी नाही, बाराव्या शतकातल्या एका मास्तरांची आहे. पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीरावर सेंट व्हिक्टर नावाचा मठ होता. 1108 मध्ये सुरू झालेला हा मठ फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जमीनदोस्त झाला आणि आता तिथं जुस्यूचं विद्यापीठ-संकुल उभं आहे. त्या मठाच्या शाळेत ह्यू शिकवायचे. 1141 मध्ये ते वारले. वाचावं काय, कोणत्या क्रमानं आणि कसं, या तीन प्रश्नांवर त्यांनी 'डिडास्कॅलिकॉन' हा सहा भागांचा ग्रंथ लिहिला. शिवाय मुलांसाठी इतिहासाचं एक पाठांतर-पुस्तक केलं. त्याच्या प्रस्तावनेत ते सांगतात की वाचलेलं आठवायचं तर अक्षरांचा रंग, त्यांचा आकार आणि मजकुराची जागाही मनात उतरायला हवी. ओळ पानाच्या माथ्यावर होती, मध्ये होती की तळाला? म्हणून प्रत बदलायची नाही. प्रत बदलली की जागा बदलते आणि ओळीचा पत्ता हरवतो.

मी वसईची. शाळेत भूमिती शिकवली, आता निवृत्त आहे. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या परिसरात, संध्याकाळी काही जण वाचायला जमतो, तिथं मी ही पद्धत चालवते. गटात बायबल वाचणारे जास्त, पण एक काका मनाचे श्लोक घेऊन बसतात आणि त्यांचंही उत्तम चालतं. मजकूर कोणताही घ्या, दोनच गोष्टी बघा: तो तुकड्यातुकड्यांचा असावा आणि तुकड्यांना क्रमांक असावेत.

क्रमांकांचं महत्त्व पटवायला मी त्या काकांनाच विचारलं, "त्र्याहत्तरावा श्लोक म्हणा." मनाचे श्लोक 205. त्यांना लहानपणापासून सगळे तोंडपाठ, पण पहिल्यापासून म्हणत गेल्याशिवाय त्र्याहत्तरावा काही येईना. ह्यू मास्तरांच्या विद्यार्थ्यांचंही बायबलातल्या दीडशे स्तोत्रांच्या बाबतीत हेच होत असणार. मास्तर विचारतात, जुन्या लोकांना एखादं स्तोत्र क्रमांकानं सांगायचं असे, तेव्हा ते काय पहिल्या पानापासून मोजत बसत होते? त्यांचा उपाय असा. डोळे मिटून एकपासून दीडशेपर्यंत आकड्यांची एक लांब रांग मनात मांडा. मग प्रत्येक आकड्यावर त्या स्तोत्राचे फक्त सुरुवातीचे शब्द ठेवा. एकावर धन्य पुरुष, दोनावर राष्ट्रांची खळबळ, तीनावर वैरी वाढल्याचं गाऱ्हाणं. रांग पुढून, मागून, मधूनच कुठूनही म्हणता आली पाहिजे. ते जमलं की एकेका स्तोत्राखाली त्याच्या ओळींची तशीच छोटी रांग लावायची. सराफाच्या थैलीला कप्पे असतात, म्हणून त्याचा हात न चाचपडता हव्या त्या नाण्यावर जातो, हा दाखला त्यांचाच.

सुरुवात दहा तुकड्यांनी करा. दहा उलटसुलट येईपर्यंत अकराव्याला हात लावू नका. उलटी तपासणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, कारण स्वतःला विचारताना आपण सोपेच आकडे निवडतो. स्तोत्रं घेणाऱ्यांसाठी एक सूचना: ह्यूंच्या लॅटिन बायबलात आपलं नववं आणि दहावं स्तोत्र एकच आहे, त्यामुळं तिथून पुढे बराच काळ त्यांचा आकडा आपल्यापेक्षा एकानं मागे चालतो. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' आपल्याकडे तेविसावं, त्यांच्याकडे बाविसावं. जुन्या लेखकांचा संदर्भ शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भलतंच स्तोत्र उघडाल.

जागा आणि क्रमांकानंतर ते तिसरी गोष्ट सांगतात, ती म्हणजे प्रसंग. हे कुणी शिकवलं, कुठं, रात्री की दिवसा, आभाळ भरलेलं होतं की स्वच्छ, हेही जोडून ठेवा. हा सगळा खटाटोप पोरखेळ वाटेल हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तो शिकवला.

आता आवाज. ओठ हलू द्या. मध्ययुगातल्या मठांत वाचन म्हणजे बहुतेक वेळा पुटपुटणं असे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत अठ्ठेचाळिसावं प्रकरण वाचनाच्या आणि कामाच्या वेळांचं आहे. त्यात दुपारी सगळे आडवे झालेले असताना कुणाला वाचायचंच असेल, तर दुसऱ्याला त्रास होणार नाही अशा बेतानं वाचावं, अशी सूचना आहे. मनातल्या मनात वाचायची सवय असती तर ही सूचना द्यावीच लागली नसती. त्याच प्रकरणात वाचनाच्या वेळी एकदोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी असंही म्हटलंय, कुणी भाऊ पुस्तक सोडून गप्पा छाटत बसलाय का ते बघायला! पुटपुटल्यानं वेग आपोआप कमी होतो आणि तेच हवं आहे. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत तब्येतीची चौकशी सुरू होते.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमके इथंच घाई करतात. ह्यू म्हणतात, मजकुराचे तीन थर असतात. पहिला अक्षराचा: शब्द, व्याकरण, वाक्याची जुळणी. दुसरा सरळ अर्थाचा: हे वाक्य इथं, या ठिकाणी काय सांगतंय. तिसरा आशयाचा, म्हणजे खोलवरचं तत्त्व. पहिले दोन ओलांडल्याशिवाय तिसऱ्यात उतरायचं नाही.

त्यांनी दिलेलंच उदाहरण घ्या, मी गटातही तेच घेते. बायबलातल्या यशया या संदेष्ट्याचं पुस्तक, चौथा अध्याय, पहिली ओवी. सात बायका एका पुरुषाला धरतील आणि म्हणतील, आम्ही आमचीच भाकर खाऊ, आमचीच वस्त्रं नेसू, फक्त तुझं नाव आम्हाला लावू दे, आमची अप्रतिष्ठा दूर कर. वाचा, आणि वहीत एका ओळीत लिहा: इथं काय चाललंय?

शब्द सगळे कळतात. सात बायका कळल्या, एक पुरुष कळला, भाकर कळली. पण संदेष्टा वर देतोय की धमकी, तेच कळत नाही. अशा वेळी भाविक वाचक काय करतो? अर्थ लागत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी गूढ असणार, असं धरून चालतो. मग सात बायका म्हणजे पवित्र आत्म्याची सात दानं आणि एक पुरुष म्हणजे ख्रिस्त. आमच्या गटातही हे उत्तर येतंच, आणि मोठ्या आत्मविश्वासानं येतं. ह्यूंच्या वर्गातही येत असावं, कारण हे स्पष्टीकरण ते स्वतःच विद्यार्थ्याच्या तोंडी घालतात आणि मग विचारतात: छान, गूढार्थ सांगितलास, पण अक्षरशः काय म्हटलंय ते अजून कुठं सांगितलंस?

उत्तर मागच्याच ओळींत आहे. तिथं पुरुष तलवारीनं पडतील, शूर लढाईत पडतील असं म्हटलंय. म्हणजे इतका संहार होईल की सात बायकांना मिळून जेमतेम एक नवरा उरेल. एरवी नवऱ्यानं बायकोला पोसायचं, नेसवायचं. इथं बायकाच म्हणतायत, पोसू नकोस, नेसवू नकोस, फक्त नाव दे. त्या काळी बिनलग्नाचं, बिनमुलांचं राहणं म्हणजे काय अपमान होता, तेही यातून दिसतं. हे युद्धानंतरच्या गावाचं वर्णन आहे. माझ्या मते ते कुठल्याही गूढार्थापेक्षा जास्त अंगावर येतं, पण मास्तरांना गूढार्थ नको होता असं मात्र समजू नका. त्यांना तो हवाच होता, फक्त पाया घातल्यावर. इतिहास हा पाया, रूपकार्थ ही त्यावरची इमारत, अशी त्यांची मांडणी.

या उदाहरणातून एक हातचा नियम घ्या. तुकडा अडला की आधी मागचं पान उलटा. अध्यायाच्या आकड्यावर विश्वास टाकू नका. बायबलमधल्या अध्यायांचे आजचे आकडे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये रुळले, ह्यू गेल्यानंतर. यशयाची ही ओवी आशयानं तिसऱ्या अध्यायाची आहे, पण आकडा तिला तिथून तोडून चौथ्याच्या डोक्यावर बसवतो. आकडे सापडण्यासाठी वापरा, अर्थ लावण्यासाठी नको.

तीन थर झाले की पुस्तक मिटा आणि सार काढा. ह्यूंचा शब्द आहे स्मृतीची छोटी पेटी. पेटी छोटी आहे, म्हणून आत जाणारी वस्तू छोटी हवी. एका तुकड्याचं एक वाक्य, जास्तीत जास्त दोन. मी दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे लिहायला लावते, कारण नवी वही आणली की लोक सुवाच्य अक्षरात निबंध लिहायला घेतात. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी न बघता म्हणायचं. पेटीत टाकलेलं अधूनमधून बाहेर काढून पुन्हा चघळायचं. मठातले लोक याला सरळ रवंथच म्हणत. खूप वाचलं म्हणून खूश होऊ नकोस, कळलं आणि कळलेलं टिकलं तर खूश हो, असं ह्यू विद्यार्थ्याला बजावतात. वर्षाला अमुक पुस्तकं वाचल्याच्या याद्या मिरवणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

ज्यांना इथून प्रार्थनेकडे जायचंय त्यांच्यासाठी त्याच शतकात पुढं गीगो यांनी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. हे गीगो ग्रांद शार्त्रूझ मठाचे नववे मठाधिपती. त्यांच्या पायऱ्या वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेत चव लागते आणि ध्यान म्हणजे गोडीच. नमुना म्हणून त्यांनी 'जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य' एवढी एकच ओळ घेतलीय. तुम्हीही एकच घ्या. ज्यांना प्रार्थना करायची नाही त्यांनी दुसऱ्या पायरीवर थांबावं, ह्यूंचा अभ्यासक्रम तिथंही पुरेसा आहे.

क्रमाबद्दल थोडक्यात. बायबल वाचणाऱ्यांनी कथानकाच्या पुस्तकांपासून सुरुवात करावी: उत्पत्ती, निर्गम, यहोशवा, शास्ते, राजे, इतिहास, मग शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये. कोण, काय, केव्हा, कुठं, या चार प्रश्नांची उत्तरं आधी पक्की करायची. गोष्टी सोडून थेट तत्त्वज्ञानाला हात घालणाऱ्यांची ह्यू चक्क गाढवात गणना करतात.

आणि क्षुल्लक म्हणून काही टाकायचं नाही. सगळं शीक, फुकट काहीच नव्हतं हे तुला नंतर दिसेल, असं ते सांगतात आणि मग स्वतःच्या शाळकरी दिवसांबद्दल लिहितात. आकडे शिकायला खडे मांडले, हिवाळ्याच्या रात्री जागून तारे पाहिले, स्वरांतला फरक कळावा म्हणून लाकडावर तारा ताणून वाजवल्या, आणि लघुकोन, काटकोन, विशालकोन समजायला फरशीवर कोळशानं आकृत्या काढल्या. मी आयुष्यभर फळ्यावर तेच काढत आले, त्यामुळं या परिच्छेदावर माझा जरा जास्तच जीव आहे. विणकाम, शेती, व्यापार, वैद्यकी, शिकार या हातच्या कलांनाही त्यांनी ज्ञानाच्या नकाशात जागा दिली. म्हणून गटात कुणी विचारलं की यशयाच्या काळी कापड कसं विणायचे, तर तो प्रश्न विषयांतर म्हणून झटकू नका. शोधून काढा.

कुणाकडूनही शिकायला लाजू नका, हीसुद्धा त्यांची अट. आम्ही मोठमोठ्यांना पाहिलंय, ते आम्हाला ओळखतात, असं मिरवणाऱ्यांना ते म्हणतात, मला कुणी ओळखलं नाही तरी चालेल, मला सगळं कळू दे. प्लेटोला पाहिलं याचा अभिमान बाळगता, समजला का ते सांगा. गटात व्याख्यानांच्या आठवणी सांगणारं कुणीतरी असतंच. त्यांच्याकडून पुढचा तुकडा म्हणून घ्यावा.

मुदतीसाठी ईस्टरआधीचा उपवासकाळ सोयीचा. बेनेडिक्टच्या नियमानुसार उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक ग्रंथ मिळे आणि तो सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा असे. अकराव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी त्याचा पुढचा भाग लिहून ठेवलाय: वर्षभरानं सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडायची, नावं पुकारायची, प्रत्येकानं आपलं परत करायचं, आणि ज्याचं वाचून झालं नसेल त्यानं लोटांगण घालून कबुली द्यायची. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत आम्ही हेच करतो. लोटांगणाची सक्ती नाही, कारण गटात गुडघेदुखीवाले बरेच. न वाचलेलं पुस्तक मात्र पुन्हा त्याच माणसाला मिळतं.