जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे घराबाहेर काढण्यापूर्वी

कपाटात साठलेले जुने फोन, लॅपटॉप, राउटर आणि चार्जर यांची विल्हेवाट लावताना आधी प्रत्येक वस्तू चालू करून पाहावी. निकामी वाटणारी अनेक उपकरणे केवळ बॅटरी, चार्जिंगचा सॉकेट किंवा अडॅप्टर बिघडल्यामुळे बंद असतात; संथ झालेल्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवली, तर तो साध्या कामांसाठी आणखी काही वर्षे चालू शकतो. स्मार्टफोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच घडून गेलेला असतो, म्हणून दुरुस्तीला पहिला मान द्यावा. दिवसरात्र वीज खाणाऱ्या जुन्या फ्रिजच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा ठरू शकतो.

वस्तू दुसऱ्या कोणाला द्यायची असो वा भंगारात काढायची असो, त्यातील माहितीची जबाबदारी आपलीच असते, आणि सर्वाधिक हलगर्जीपणा इथेच होतो. हवे ते फोटो व कागदपत्रे दुसरीकडे साठवून घ्यावीत, सिम आणि मेमरी कार्ड काढावे, फोनमधील खात्यांतून बाहेर पडावे आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करावा. हा क्रम चुकला, तर फोन जुन्या मालकाच्या खात्याशी बांधलेला राहू शकतो आणि मग नव्या माणसाला तो वापरताच येत नाही. संगणकाच्या हार्ड डिस्कवरील फाइल नुसती डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅटने माहिती खऱ्या अर्थाने पुसली जात नाही. त्यासाठी संपूर्ण डिस्कवर नव्याने लेखन करणारी प्रणाली वापरावी. एसएसडीसाठी तिच्या निर्मात्याने दिलेली सुरक्षित पुसण्याची सोय वापरावी.

यानंतर बॅटरीकडे वळावे. लिथियम-आयन बॅटरी रोजच्या कचऱ्यात कधीही टाकू नये, कारण कचरागाडीत दाबली जाऊन ती पेट घेऊ शकते. सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा चार्ज करू नये. जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून ती लवकरात लवकर संकलन केंद्रात द्यावी. काचेच्या नळीचा जुना टीव्ही आणि मायक्रोवेव्ह घरी उघडू नयेत, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांत जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

उरते ते योग्य हाती सोपवणे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ 22.3 टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी बराच माल अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात. त्या धुराचे आणि आम्लाचे परिणाम तिथे राबणाऱ्यांना, अनेकदा लहान मुलांनाही, भोगावे लागतात. म्हणून जास्त पैसे देणाऱ्यापेक्षा अधिकृत परवाना दाखवणाऱ्या आणि पावती देणाऱ्या केंद्राची निवड करावी. उत्पादक कंपनी जुने उपकरण परत घेते का, हेही विचारावे. फ्रिज देताना त्याचा कंप्रेसर आधी काढून विकू नये, कारण त्यातील शीतक वायू मोकळा सुटतो. तुटक्या वायरी आणि बिघडलेले इअरफोनसुद्धा केंद्रात द्यायच्या याच ई-कचऱ्यात ठेवावेत.