नाल्याकाठचं पीक पिवळं पडलं की युरिया? या चुका टाळा

बेळगावचं सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारांतून पुढे जातो. पावसाळ्यात तो तुंबला की भातात पाणी शिरतं आणि ओसरताना काळा गाळ मागे ठेवतं. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम असे जड धातू अशाच गाळातून मातीत साठतात. युरियासारखे ते वाहून जात नाहीत, वर्षानुवर्षं तिथंच राहतात.

पहिली चूक निदानाची. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की दुकानदार लगेच लोहाची फवारणी हातात देतो, नाहीतर युरियाची पिशवी. निकेल, तांबं किंवा जस्त जास्त झालं तरी पीक लोह उचलू शकत नाही आणि पान असंच दिसतं. म्हणून एखादं रोप अलगद उपटून मुळं धुऊन बघा. ती आखूड, जाडसर, तपकिरी आणि तंतुमुळांशिवाय असतील, तर मातीत दुसरं काहीतरी आहे असा संशय घ्यायला जागा आहे. नक्की काय ते प्रयोगशाळाच सांगेल. उलट, पीक हिरवंगार दिसतंय म्हणजे निर्धोक, असंही धरू नका. कॅडमियम दाण्यात साठत असताना भात दिसायला झकास असू शकतं.

सॉईल हेल्थ कार्ड, म्हणजे माती तपासणीचं सरकारी कार्ड, आहे म्हणून निश्चिंत राहणारेही बरेच आहेत. त्या कार्डावर १२ घटक असतात. जस्त आणि तांबं त्यात आहे, पण ते पिकाला पुरतं का हे पाहण्यासाठी. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नसतात, ती तपासणी वेगळी मागावी लागते. नमुना घेताना नाल्याचं पाणी जिथून आत येतं त्या तोंडाजवळची माती आणि लांबच्या कोपऱ्यातली माती एकत्र करू नका. दोन्हींची सरासरी काढली की खरा दोष लपतो. आणि जस्ताचा मुलामा असलेली लोखंडी बादली नको, प्लास्टिकची घ्या.

आता चुना. खानापूरकडच्या तांबड्या, आम्ल जमिनीत चुना कामाचा, कारण सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, म्हणजे पीएच) ६.५च्या आसपास आला की कॅडमियम आणि शिसं मुळांना सहज मिळत नाही. पण अथणी, गोकाककडच्या चुनखडीच्या काळ्या रानात चुना टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, वर लोहाची कमतरता आणखी वाढते. मातीत आर्सेनिक किंवा क्रोमियमचा विषारी प्रकार असेल तर सामू वाढवल्यावर ते उलट जास्त मोकळे होतात. तेव्हा आधी धातू कोणता ते कळू द्या, मग चुन्याची पोती उतरवा.

भातात सगळ्यात महागात पडते ती पाण्याची चूक. निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, सुमारास शेत कोरडं पडलं की मातीत हवा शिरते, गंधकाशी बांधलेलं कॅडमियम सुटतं आणि थेट दाण्याकडे जातं. आपल्याकडे नेमका याच वेळी पाऊस ओसरतो. म्हणून बांधाची भोकं आधीच बुजवा. निसवण्याच्या आधी आणि नंतर साधारण तीन-तीन आठवडे उथळ पाणी धरून ठेवा, तेही विहिरीचं किंवा पावसाचं, नाल्याचं नव्हे. आर्सेनिकचा त्रास असलेल्या रानात मात्र नेमकं उलटं करायचं, कारण पाणी तुंबलं की आर्सेनिक वाढतं.

खतांचं थोडक्यात: पोटॅश द्यायचंच तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश बरं, म्युरेटमधल्या क्लोराईडमुळे कॅडमियम जास्त हलतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. शहराच्या कचऱ्याचं कंपोस्ट घेताना तपासणीचा कागद मागा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘विष काढणारी’ म्हणून विकली जाणारी पावडर मी तरी घेणार नाही.

भातानंतर त्याच रानात पालक, मेथी, लाल माठ घेणं हीही चूकच. पालेभाज्या धातू पानात साठवतात. भेंडी, दोडका, मका यांच्या फळा-दाण्यात ते तुलनेनं कमी जातात. मोहरी जमिनीतून धातू ओढते हे खरं, पण जमीन साफ व्हायला बरीच वर्षं लागतात, आणि ती मोहरी कापून गुरांना घातली किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकली तर काढलेला धातू पुन्हा गोठ्यात नाहीतर शेतातच येतो.