तुंबलेल्या पाण्यातून घरी आल्यावर: लेप्टो टाळायचा तर काय करावे

हिंदमाता, मिलन सबवे किंवा कुर्ल्यात पाणी तुंबले की मुंबईकर उघड्या मॅनहोलची आणि विजेच्या खांबाची काळजी करतो. ती रास्तच आहे. पण त्याच पाण्यात उंदीर-घुशींचे मूत्रही मिसळलेले असते, याकडे फार कमी जणांचे लक्ष असते. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार, ज्यांच्यामुळे होतो ते लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात. उंदराला त्याने काहीही होत नाही, मात्र महिनोन्महिने त्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडत राहतात. कुत्री, गुरे आणि डुकरेही ते पसरवतात. उंदीर चावण्याची गरजच नसते. पायाला एखादी भेग, खरचटलेली जागा किंवा चिखल्या असल्या की तेवढी वाट जंतूंना पुरते. डोळ्यांत किंवा तोंडात उडालेल्या पाण्यातूनही ते शिरतात.

कोरड्या जागी हे जंतू लवकर मरतात, पण ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात. म्हणून हा आजार पावसाळ्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली. कोकणात भातलावणीच्या चिखलातही हाच धोका असतो.

घरी पोचल्यावर लगेच

१. बूट-चपला दाराबाहेरच काढा. ओले कपडे वेगळ्या बादलीत टाका.

२. गुडघ्यापासून खाली, पाणी कमरेपर्यंत आले असेल तर कमरेपासून खाली, नळाच्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा आणि नखांच्या कडा सोडू नका.

३. पाय पूर्ण कोरडे करा आणि उजेडात तपासा. पाण्यात असताना कापलेले बहुतेक वेळा कळतच नाही.

४. जखम दिसली तर पोव्हिडोन आयोडीन लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात जावे लागणार असेल तर तिच्यावर पाणी न शिरणारी पट्टी हवी. जखम खोल असेल किंवा लोखंडाने झालेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.

गमबूट उपयोगी आहेत, पण पाणी त्यांच्या वरून आत शिरेपर्यंतच. आत पाणी भरलेला बूट तासभर घालून फिरण्यापेक्षा तो रिकामा करून पाय धुणे बरे. सतत ओली राहून मऊ पडलेली कातडी जंतूंना फारशी अडवत नाही.

७२ तासांच्या आत गोळी

धुण्याने धोका कमी होतो, संपत नाही. पाण्याशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि प्रतिबंधक औषधाचे विचारा. प्रौढांना सहसा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमचा एक डोस देतात. जखम होती का, पाण्यात किती वेळा जावे लागले, हे पाहून डॉक्टर डोस वाढवतात. सफाई कामगार किंवा शेतकरी यांच्यासारख्या रोज पाण्यात उतरणाऱ्यांना तो काही आठवडे दर आठवड्याला घ्यावा लागतो. गरोदर महिला आणि ८ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन असते आणि त्याचा डोस डॉक्टरच ठरवतात. घरातल्या मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका.

गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर आत जखम होते आणि छातीत जळजळते. दूध, ॲसिडिटीची औषधे आणि लोहाच्या गोळ्या यांच्यात आणि या गोळीत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषले जात नाही.

पुढचे दिवस ताप मोजा

लक्षणे सहसा ५ ते १४ दिवसांत दिसतात, क्वचित महिन्यानेही. गोळी घेतली तरी लक्ष ठेवावेच लागते. अचानक थंडी-ताप, जबर डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबर हात लावू देणार नाहीत इतकी दुखणे, डोळे लाल होणे पण चिपडे न येणे, या खुणा एकत्र दिसल्या तर लेप्टोचा संशय घ्या. सगळ्यांना सगळ्या खुणा दिसत नाहीत, म्हणून नुसता तापही दुर्लक्षू नका.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे ‘व्हायरल असेल’ म्हणून तीन-चार दिवस घरी काढणे. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच सांगा: अमुक तारखेला तुंबलेल्या पाण्यातून चाललो होतो. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो एकाच वेळी फिरत असतात, प्लेटलेट तिन्हींत कमी होतात आणि पाण्याचा उल्लेख झाला नाही तर तपासणी एकाच बाजूला झुकते. लेप्टोची आयजीएम चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. तो कागद हाती घेऊन निश्चिंत होऊ नका. संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात आणि ते बरोबरच आहे.

तापासाठी पॅरासिटामॉल ठीक. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका. आधीच संकटात आलेल्या मूत्रपिंडावर त्यांचा ताण पडतो. लघवी कमी होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त येणे, यातले एकही दिसले तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

घरात पाणी शिरले असेल तर

उंदराच्या लेंड्या किंवा मेलेला उंदीर कोरड्या झाडूने कधीच झाडू नका. रबरी हातमोजे घाला. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, ब्लीचिंग पावडर कालवा. गावाकडे हिलाच टीसीएल म्हणतात. गाळ खाली बसू द्या आणि वरचे पाणी त्या जागेवर ओता. दहा मिनिटांनी कागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधा. हे पाणी संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. पावडर ताजी हवी, उघडी राहिलेली पावडर निकामी होते.

सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी गेले असेल तर ती उपसून, घासून पुन्हा भरा. दर हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवा. ते पाणी सोडून द्या आणि मगच टाकी वापरात आणा. तोवर पिण्याचे पाणी उकळून घ्या.

उंदीर कमी करायचे तर

कचऱ्यापासून सुरुवात करा. खाणे मिळत असेल तोवर एक उंदीर गेला की दुसरा येतो. ओला कचरा रात्री झाकणाच्या डब्यातच ठेवा, जिन्याखाली पिशव्या नकोत.

मग बिळे शोधा. संध्याकाळी प्रत्येक बिळात कागदाचा बोळा कोंबा. सकाळी जो बाहेर पडलेला दिसेल, ते बीळ चालू. तिथे भिंतीला चिकटून पिंजरा लावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री भजी किंवा सुका बोंबील ठेवून पिंजरा उघडाच राहू द्या, सापळा नंतर चढवा. विषाच्या वड्यांनी उंदीर काही दिवसांनी मरतो, तोही बहुधा माळ्यावर किंवा पाइपच्या मागे. वास सुटतो आणि शोधता शोधता नाकी नऊ येतात. सल्फासच्या गोळ्या तर घरात आणूच नका. त्यांच्या वायूने माणसे दगावतात. बिळांत धुरी देण्याचे काम महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे आहे, त्यासाठी वॉर्ड ऑफिसात तक्रार करा.

बिळे बुजवणे सगळ्यात शेवटी. उंदीर आत असताना बुजवले तर शेजारीच नवे बीळ होते. फोम आणि प्लास्टिक ते कुरतडतात, म्हणून सिमेंटमध्ये काचेचे तुकडे मिसळा किंवा आत लोखंडी जाळी घाला. बारा मिलिमीटरच्या फटीतूनही छोटा उंदीर शिरतो, तेव्हा दाराखालची फट आणि मोरीची जाळीही मोजून पाहा.