एका डोळ्याचे मोल : प्राचीन कायदेसंहितांची तुलना कशी करावी

दोन संहिता शेजारी ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्यापेक्षा एकच इजा निवडावी आणि तिचा माग काढावा. डोळा फोडणे ही त्यासाठी फार सोयीची इजा आहे, कारण बऱ्याच संहितांत तिच्यासाठी स्वतंत्र कलम आहे.

सुरुवात बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्यापासून करावी. इ. स. पूर्व 1750च्या सुमाराची त्याची संहिता काळ्या शिलास्तंभावर कोरलेली असून तो स्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. कलम 196 ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ सांगते, आणि पुष्कळ वाचक तिथेच थांबतात. पुढची तीन कलमे वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ती शिक्षा प्रतिष्ठित माणसाने प्रतिष्ठिताचा डोळा फोडल्यास आहे. डोळा सामान्य माणसाचा असेल तर एक मिना चांदी, म्हणजे सुमारे अर्धा किलो, द्यावी लागते, आणि गुलामाचा असेल तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम.

यानंतर कालक्रम तपासावा. ‘आधी सूड, मग दंड’ हा क्रम मनाला पटतो खरा, पण हम्मुराबीच्या सुमारे साडेतीनशे वर्षे आधीच्या, सुमेरमधील उर नगरीचा राजा उर-नम्मू याच्या संहितेत डोळ्यासाठी चांदीच सांगितली आहे.

आता इ. स. 600च्या सुमारास इंग्लंडमधील केंटच्या एथेलबर्ट राजाने केलेले कायदे घ्यावेत. त्यांत शरीराचे जणू दरपत्रकच आहे : डोळा 50 शिलिंग, अंगठा 20, करंगळी 11, अंगठ्याचे नख 3. इथे बॅबिलोनच्या चांदीचे शिलिंगमध्ये रूपांतर करण्याचा मोह टाळावा. त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक रक्कम त्याच संहितेतील माणसाच्या मोलाशी ताडून पाहावी. केंटमध्ये साध्या स्वतंत्र माणसाचे रक्तमूल्य, म्हणजे त्याला ठार मारल्यास द्यावी लागणारी भरपाई, 100 शिलिंग होते, म्हणजे डोळा हा अर्धा माणूस ठरला. बॅबिलोनमध्ये हाच ‘अर्ध्या’चा हिशेब फक्त गुलामाला लागू होता, आणि तिथे भरपाई त्याच्या मालकाकडे जात असे. मला या तुलनेत सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण आकडा एकच असूनही एके ठिकाणी तो मालाचे नुकसान मोजतो आणि दुसऱ्या ठिकाणी कुळांमधले वैर पैशावर मिटवतो.

शेवटी संहितेच्या मजकुराचे स्वरूप पाहावे. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर असंख्य व्यवहार आणि निवाडे टिकून आहेत, पण त्यांत हम्मुराबीच्या कलमांचा आधार क्वचितच घेतलेला दिसतो. म्हणून शिलालेखातील शिक्षा प्रत्यक्षात दिली जातच होती असे गृहीत धरू नये. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा तर राजाज्ञा नसून स्मृतीवरील, म्हणजे धर्मशास्त्राच्या ग्रंथावरील, भाष्य आहे, तेव्हा तिला या राजांच्या संहितांच्या रांगेत बसवताना हा भेद आधी नोंदवावा. एथेलबर्टचे कायदेही आपल्यापर्यंत पोहोचले ते बाराव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितातून, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांनंतरच्या नकलेतून.