लिनियर उघडण्याआधी: दहा मीटर पट्ट्यावरील हॅम केंद्रात दोष कसा शोधावा

हॅम केंद्रात, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या स्टेशनात, लिनियर ॲम्प्लिफायर, म्हणजे संचाची शक्ती वाढवणारा डबा, आला की त्यानंतर दिसणाऱ्या प्रत्येक दोषाचे खापर त्याच्याच माथी फोडले जाते. माझ्याकडे तपासायला आलेल्या बहुतेक लिनियरांच्या बाबतीत मात्र लिनियर धडधाकट निघाला आणि दोष केबलमध्ये, वीजपुरवठ्यात किंवा ड्राइव्हमध्ये, म्हणजे लिनियरच्या आत जाणाऱ्या शक्तीत, सापडला. दहा वॅटवर जे खपून जाते ते दोनशे वॅटवर उघडे पडते. म्हणून येथे दिलेला क्रम असा आहे की लिनियरच्या झाकणाचे स्क्रू सर्वांत शेवटी हाती घ्यावेत. विवेचनासाठी एक नेहमीची जुळणी गृहीत धरली आहे: ५ ते १० वॅटवर लावलेला ट्रान्सीव्हर (बोलण्या-ऐकण्याचा संच), १३.८ व्होल्टवर चालणारा सुमारे २०० वॅटचा मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) लिनियर, ३० मीटर कोॲक्स (मधली तार आणि भोवती तांब्याची जाळी असलेली) केबल आणि गच्चीवर दहा मीटर पट्ट्याचा, म्हणजे २८ ते २९.७ मेगाहर्ट्‌झचा, डायपोल अँटेना.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट केलेली बरी. भारतात सिटिझन बँडची (सीबी, म्हणजे सर्वसामान्यांसाठी खुला रेडिओ) २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ ही पट्टी परवान्याविना वापरता येते ती ५ वॅटपर्यंतच्या उपकरणांसाठीच. तिच्यावर लिनियर लावणे नियमात बसत नाही. सीबीचा खरा बोलबाला झाला त्या अमेरिकेतही मर्यादा एएमला ४ वॅट आणि एसएसबीला (आवाज पाठवण्याच्या या दोन पद्धती) १२ वॅट पीईपी, म्हणजे शिखराची शक्ती, अशी आहे आणि बाहेरून ॲम्प्लिफायर जोडण्यास मनाई आहे. या मनाईची झळ हॅम मंडळींनाही लागली. सीबीवरील गैरवापर रोखण्यासाठी तेथील नियामकाने १९७८ मध्ये २४ ते ३५ मेगाहर्ट्‌झमध्ये चालणाऱ्या ॲम्प्लिफायरांवर निर्बंध आणले, त्यामुळे पुढे बरीच वर्षे कारखान्यातून येणारे हॅम लिनियर दहा मीटरचा पट्टा बंद करूनच विकले जात. परदेशातील भाच्याने आणून दिलेला जुना लिनियर वीस मीटरवर उत्तम चालत असेल आणि दहावर मुका असेल, तर तो बिघडलेला नसून त्या काळच्या नियमाप्रमाणे बनवलेला आहे, ही शक्यता पहिल्यांदा तपासावी. यापुढील मजकूर परवानाधारक हॅमसाठी आहे, आणि परवान्यात दिलेली शक्तीची मर्यादा सर्वत्र लागू आहे.

पहिली पायरी: लिनियर बाजूला काढणे

ट्रान्सीव्हरचे आउटपुट थेट वॅटमीटरला आणि वॅटमीटर ५० ओहमच्या डमी लोडला (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) जोडावा. ट्रान्सीव्हर दहा वॅट म्हणतो ते खरोखर दहा आहेत का, हे येथे कळते. घरगुती बनावटीच्या किंवा किटमधून जोडलेल्या संचांत ही पायरी विशेष महत्त्वाची आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या आराखड्यावरचा मायक्रोबिटएक्स ८० मीटरवर दहा वॅटच्या आसपास देतो, पण २८ मेगाहर्ट्‌झपर्यंत जाता जाता त्याची शक्ती बरीच उतरते. अशा संचामागे लावलेला लिनियर दहा मीटरवर कमी बोलला, तर तो दोष लिनियरचा म्हणता येत नाही.

मीटर कोणत्या प्रकारचा आहे तेही पाहावे. सरासरी दाखवणारा साधा मीटर एसएसबीवर बोलताना १०० वॅट पीईपीच्या जागी तीस-चाळीस वॅटच दाखवतो, आणि मग माणूस काटा पुढे जावा म्हणून माइक गेन वाढवत बसतो. तुलना करायची तर सीडब्ल्यूचा, म्हणजे मोर्सचा, स्थिर कॅरियर थोडाच वेळ सोडून करावी.

दुसरी पायरी: केबल आणि अँटेना

आपल्याकडच्या हवेत सर्वाधिक दोष येथे सापडतात, म्हणून या पायरीला वेळ द्यावा. एसडब्ल्यूआर (अँटेना केबलला किती जुळते याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.५ असताना सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के आणि ३ ला २५ टक्के. मॉस्फेट लिनियरसाठी १.५ च्या आत राहणे उत्तम आणि २ च्या पुढे जाणे धोक्याचे. मात्र शॅकमध्ये, म्हणजे संच ठेवलेल्या खोलीत, वाचलेला चांगला एसडब्ल्यूआर हा अँटेना चांगली असल्याचा पुरावा नव्हे, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. केबलमध्ये शक्ती जिरत असेल तर अँटेनाकडे जाणारी लाट वाटेत क्षीण होते, परत येणारी लाट पुन्हा एकदा क्षीण होते आणि मीटरला परतलेले जवळजवळ काहीच दिसत नाही. केबलचा एकेरी क्षय ६ डेसिबल असेल तर दुसऱ्या टोकाला अँटेना अजिबात जोडलेली नसतानाही शॅकमधला मीटर १.७ च्या आसपास दाखवतो.

रत्नागिरीजवळ एका स्नेह्यांकडे नेमके हेच झाले होते. त्यांची तक्रार अशी की लिनियर १८० वॅट देतो, एसडब्ल्यूआर १.४ आहे, तरी समोरचा स्टेशनवाला म्हणतो की काही फरक पडला नाही. गच्चीवरचा पीएल-२५९ कनेक्टर सोडवला तेव्हा त्यावरची इन्सुलेशन टेप हातात सैल आली. कनेक्टरमागे चार बोटांवर केबलचे काळे आवरण ब्लेडने उभे चिरले, तर आतली तांब्याची जाळी हिरवट काळी पडलेली होती आणि केबल खाली धरताच कापलेल्या जागेतून पाण्याचा थेंब ओघळला. आणखी दोन मीटर कापले तरी जाळी तशीच होती. दोन पावसाळ्यांत पाणी जाळीच्या धाग्यांतून झिरपत खाली उतरले होते. लिनियरचे दीडशेहून अधिक वॅट त्या तीस मीटरांत केबल कोमट करण्यात खर्ची पडत होते, आणि त्यांना मिळालेला सुंदर एसडब्ल्यूआर ही त्याच नासाडीची पावती होती.

याची चाचणी सोपी आहे. वरच्या टोकाची अँटेना सोडवावी, टोक उघडे ठेवावे आणि शॅकमधून नॅनोव्हीएनए किंवा अँटेना ॲनालायझरने २८ मेगाहर्ट्‌झवर रिटर्न लॉस (पाठवलेल्या शक्तीपेक्षा परतलेली किती डेसिबलने कमी) मोजावा. आलेल्या आकड्याचा निम्मा म्हणजे केबलचा एकेरी क्षय. ही मोजणी लिनियरने, किंवा ट्रान्सीव्हरच्या पूर्ण शक्तीवरही, कधीही करू नये. ३० मीटर धडधाकट आरजी-५८ केबलचा क्षय या पट्ट्यावर अडीच डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे शंभरातले पंचावन्न-साठ वॅटच वर पोहोचतात. आरजी-२१३ ला तो सुमारे एक डेसिबल असतो. जुनी आरजी-५८ बदलण्याचा खर्च लिनियरच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि माझे मत विचाराल तर तो आधी करावा. वरचा सांधा करताना आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, तिच्यावर साधी टेप, आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक लोंबता वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी टपकून जाते.

वीजपुरवठा

दोनशे वॅट आउटपुट आणि साधारण ५० टक्के कार्यक्षमता धरली तर लिनियर ४०० वॅट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे २९ अँपिअर. आता पॉवर सप्लायपासून लिनियरपर्यंत ३ मीटर अंतर आणि ४ चौरस मिलिमीटरची तार घ्या. जाऊन-येऊन ६ मीटर तांब्याचा रोध सुमारे २६ मिलिओहम होतो आणि ३० अँपिअरला पाऊण व्होल्टहून अधिक तारेतच गळतो. फ्यूजची पट्टी, क्रिंप केलेले लग आणि जुनी स्क्रू-टर्मिनले मिळून आणखी तेवढेच घेतात. लिनियरला प्रत्यक्षात १२ व्होल्ट मिळाले तर शक्ती पाऊणपटीवर येते. त्याहून वाईट म्हणजे शिखरे लवकर कापली जाऊन आवाज फाटतो. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच गळती ०.२ व्होल्टच्या आत राहते.

व्होल्टेज मोजताना ते लिनियरच्या टर्मिनलवर, पूर्ण ड्राइव्ह चालू असताना आणि डमी लोडवर मोजावे; रिकाम्या अवस्थेतले १३.८ काहीच सांगत नाहीत. त्यानंतर मल्टिमीटरचे एक टोक सप्लायच्या धन अग्रावर आणि दुसरे लिनियरच्या धन अग्रावर ठेवून थेट गळतीच वाचावी, आणि ऋण बाजूलाही तसेच करावे. प्रवाहासाठी क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा असावा. वायरमनकडचा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी वाचतो आणि येथे शून्य दाखवतो.

ड्राइव्ह आणि बायस

लिनियर या शब्दाचा अर्थच असा की आत दुप्पट घातले तर बाहेर दुप्पट यावे. हीच चाचणी. डमी लोडवर ५ वॅट ड्राइव्हला ८० वॅट आले, तर १० वॅटला १६० च्या जवळपास यायला हवेत. १२० च आले तर तो लिनियर त्या पातळीवर दबला आहे आणि एसएसबीवर शेजारच्या फ्रीक्वेन्सींवर शिंतोडे उडवणार. ड्राइव्ह कमी करून दुप्पटीला दुप्पट मिळते तेथे थांबावे. काही १०० वॅटचे ट्रान्सीव्हर १० वॅटवर लावले तरी पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबताच क्षणभर बरीच मोठी उसळी सोडतात, आणि नाजूक मॉस्फेटांना तो क्षण पुरतो. यावर उपाय म्हणजे मधे ६ डेसिबलचा ॲटेन्युएटर पॅड घालणे; ४० वॅट आत, १० वॅट पुढे, आणि उरलेले ३० वॅट जिरवण्याची ताकद पॅडमध्ये असायला हवी.

सीडब्ल्यू व एफएमवर लिनियर ठीक चालतो आणि एसएसबीवर आवाज चिरका, तुटक येतो, अशी तक्रार असेल तर बायस, म्हणजे मॉस्फेट थोडे चालू ठेवणारे व्होल्टेज, तपासावा. ट्रान्सीव्हर एसएसबीवर ठेवून, पीटीटी दाबून, काहीही न बोलता लिनियरचा प्रवाह पाहावा. बायस असेल तर माहितीपत्रकात दिलेला स्थिर प्रवाह दिसतो. तो जवळजवळ शून्य असेल तर लिनियर सी वर्गात, म्हणजे फक्त मोठ्या सिग्नलवरच, चालतो आहे. एक तर बायसचे सर्किट गेले आहे, किंवा ‘लिनियर’ म्हणून विकलेल्या त्या डब्यात ते कधी नव्हतेच. स्वस्त संचांत दुसरी शक्यता मी आधी धरतो.

रिले आणि पीटीटी

बोलताना शब्दाशब्दाला रिले (लिनियर मधे घेणारा-काढणारा विद्युत स्विच) टकटकत असेल तर तो आरएफ (रेडिओ लहरींची शक्ती) ओळखून चालू होणारा लिनियर आहे आणि त्याचा एसएसबी विलंबाचा स्विच बंद आहे. शक्य असेल तेव्हा ट्रान्सीव्हरच्या पीटीटी-आउटपासून स्वतंत्र तार द्यावी, म्हणजे रिले आधी बसतो आणि शक्ती नंतर येते. ही तार जोडण्यापूर्वी लिनियरच्या जॅकवरचे व्होल्टेज मोजावे. जुन्या व्हॉल्व्हच्या लिनियरांत तेथे शंभराहून अधिक व्होल्ट आढळतात आणि आधुनिक ट्रान्सीव्हरमधला छोटा ट्रान्झिस्टर ते पाहताक्षणी प्राण सोडतो. मधे एक लहान रिले किंवा ऑप्टोकपलर घालावा आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावावा. रिसिव्ह करताना आवाज मधूनच बसत असेल तर रिलेचे संपर्क काजळलेले असतात. माझ्या एका रिलेत मुंग्यांनी घर केले होते, तेव्हा झाकण नीट बसते का हेही पाहावे.

आरएफ घरात फिरते तेव्हा

लिनियर चालू केल्यावर माइकला ओठ लागताच चटका बसणे, संगणकाची यूएसबी जोडणी तुटणे, समोरच्याला आपला आवाज गुरगुरल्यासारखा ऐकू जाणे ही सगळी एकाच दोषाची लक्षणे आहेत: केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून आरएफ शॅकमध्ये परत येते. अँटेनाऐवजी डमी लोड लावताच लक्षण नाहीसे झाले तर निदान पक्के. डायपोलच्या मध्यबिंदूशी १:१ चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरचा प्रवाह अडवणारी जोडणी, लावावा. मिक्स ३१ किंवा ४३ या प्रकारच्या मोठ्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे आठ-दहा वेढे पुरतात.

शेजाऱ्यांच्या रेडिओत किंवा टीव्हीत व्यत्यय येत असेल तर लो-पास फिल्टर लिनियरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला आहे ना ते पाहावे. ट्रान्सीव्हरमधला फिल्टर लिनियरने निर्माण केलेल्या हार्मोनिकना (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतल्या नको असलेल्या लहरींना) अडवू शकत नाही. २९.५ मेगाहर्ट्‌झचा तिसरा हार्मोनिक ८८.५ वर, म्हणजे थेट एफएम रेडिओच्या पट्ट्यात पडतो.

एवढे सगळे तपासूनही दोष कायम असेल तर झाकण उघडावे. १३.८ व्होल्टच्या लिनियरमध्ये विजेचा धक्का नसला तरी चालू असताना आरएफची भाजणी हाडापर्यंत पोहोचते, त्यामुळे आत हात घालण्यापूर्वी सप्लायची तार काढलेली असावी. व्हॉल्व्हच्या लिनियरमध्ये दोन-तीन हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरांत टिकतात; ते रिकामे करण्याची पद्धत प्रत्यक्ष शिकलेली नसेल तर तो डबा जाणकाराकडेच न्यावा. मॉस्फेट लिनियरमध्ये आधी पंखा फिरतो का, हीट सिंकच्या पात्यांत धूळ बसली आहे का आणि मॉस्फेटखालची थर्मल पेस्ट सुकून भुकटी झाली आहे का ते पाहावे, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे सोल्डरचे डाग भिंगाखाली तपासावेत. दुरुस्तीनंतर ड्राइव्ह, आउटपुट, टर्मिनलवरचे व्होल्टेज आणि स्थिर प्रवाह हे चार आकडे तारखेसह कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशी करावी.