पेशीपटलातून ग्लुकोज आत कसे जाते : या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिका तपासताना आणि प्रयोगवह्यांवर सही करताना ग्लुकोजच्या वहनाविषयीच्या त्याच त्या चुका दरवर्षी माझ्यासमोर येतात. मुले गोव्यातल्या फोंडा शहरातील असोत किंवा डिचोली-सत्तरीहून बसने येणारी असोत, चुका सारख्याच असतात, कारण त्या अज्ञानापेक्षा घाईतून होतात. पटलाच्या दोन रेघा ओढायच्या, एक बाण काढायचा, शेजारी ‘ग्लुकोज’ लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे, ही सवय मोडल्याखेरीज हा भाग समजणे शक्य नाही.

सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘ग्लुकोजचा रेणू लहान असल्यामुळे तो पटलातील छिद्रांतून आपोआप आत जातो’ हे वाक्य. ग्लुकोजचे रेणूवस्तुमान १८० आहे, म्हणजे स्टार्च किंवा प्रथिनांच्या मानाने तो लहानच आहे. परंतु इथे अडचण आकाराची नसून स्वभावाची आहे. ग्लुकोजच्या रेणूवर पाच हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याला धरून राहतात, तर पटल ज्याचे बनलेले असते त्या फॉस्फोलिपिडांच्या (स्निग्ध रेणूंच्या) दुहेरी थराचा आतला भाग तेलासारखा, पाण्याला दूर ठेवणारा असतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या थरातून सहज जातात, पण ग्लुकोज वाहक प्रथिनाशिवाय नगण्य प्रमाणातच जाऊ शकते. आकृतीत बाण प्रथिनातून न जाता थरातून आरपार गेलेला दिसला की मी त्याला गुण देत नाही.

या चुकीचे मूळ बहुतेक वेळा डायलिसिस नळीच्या प्रयोगात असते. त्यात पटलाऐवजी नळी घेऊन तिच्यात ग्लुकोजचे द्रावण भरतात, ती पाण्यात ठेवतात आणि ग्लुकोज बाहेर आले का ते बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने तपासतात; ग्लुकोज असेल तर तापवल्यावर ते लालसर होते. मी पूर्वी शिकवत असलेल्या एका विद्यालयात ऐन जुलैमध्ये ग्लुकोजच्या बरणीत दमट हवेने गोळे झाले होते आणि जेमतेम एका गटापुरते ग्लुकोज शिल्लक होते. दुसऱ्या गटाने कोणालाही न विचारता उपाहारगृहातून चहाची साखर आणली, ती नळीत भरली, बाहेरच्या पाण्याचा नमुना बेनेडिक्टच्या द्रावणाबरोबर उकळला आणि तो निळाच राहिला. त्यांनी निष्कर्ष लिहिला की पटल ग्लुकोजला अडवते. ज्या गटाकडे खरे ग्लुकोज होते त्यांनी नळीची गाठ बांधताना द्रावण बाहेर सांडले, नळी न धुताच चंचुपात्रात सोडली, आणि पहिल्याच मिनिटाला नमुना नारिंगी झाल्याचे पाहून विसरण अत्यंत जलद होते असे लिहिले. तिसऱ्या गटाने प्रयोग केलाच नाही आणि मागच्या वर्षीच्या वहीतून ‘विटकरी लाल’ असे उतरवून घेतले. एकाच टेबलावरून तीन निष्कर्ष निघाले आणि तिन्ही निरुपयोगी होते. यांतील तिसऱ्या प्रकाराचा मला सर्वाधिक राग येतो, कारण चुकलेल्या प्रयोगातून काही तरी शिकता येते, उतरवलेल्या वहीतून काहीच नाही.

साखर म्हणजे सुक्रोज. ती बेनेडिक्टच्या द्रावणाचे क्षपण करत नाही, त्यामुळे ती नळीतून बाहेर आली असली तरी रंग निळाच राहणार होता. माझी सवय अशी आहे की नळी भरण्यापूर्वी तिच्यात भरायच्या द्रावणाचेच चार थेंब बेनेडिक्टबरोबर तापवून पाहायचे. ते लाल झाले तरच पुढे जायचे. नळी दोन्ही टोकांना बांधल्यावर बाहेरून नळाखाली नीट धुवायची आणि ती पाण्यात ठेवताक्षणी शून्य मिनिटाचा नमुना घ्यायचा. तो निळा असेल तरच नंतरच्या रंगबदलाला अर्थ आहे. एवढे केल्यानंतरही निष्कर्षात एक वाक्य हवेच, की ही नळी सेल्युलोजची असून ती केवळ रेणूंचा आकार पाहते, तिच्यात वाहक प्रथिने नाहीत आणि म्हणून ती पेशीपटलाचे संपूर्ण प्रतिरूप नाही. हे वाक्य न लिहिणारा विद्यार्थी वर्षभर छिद्रांचीच भाषा बोलत राहतो.

काही चुकांना एकेक ओळ पुरते. ग्लुकोजच्या वहनाला परासरण म्हणू नये. परासरण पाण्याचे होते. सुलभ विसरणात एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च होत नाही, फक्त प्रथिनाची मदत लागते. ग्लूट या नावाची वाहक प्रथिने ग्लुकोजला दोन्ही दिशांना नेऊ शकतात, आणि उपाशीपोटी यकृतातून ग्लुकोज रक्तात येते ते मुख्यतः ग्लूट-२ मधूनच. आत शिरलेल्या ग्लुकोजला हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) फॉस्फेट जोडते आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट या वाहकातून परत जाऊ शकत नाही. हे न लिहिता ‘ग्लुकोज आत साठते’ असे लिहिणे अपुरे आहे.

आता इन्सुलिनविषयी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. अशा प्रदेशातील विद्यार्थ्याने ‘इन्सुलिन नसेल तर कोणत्याही पेशीत ग्लुकोज शिरत नाही’ असे लिहावे, हे मला फार खटकते. इन्सुलिन स्वतः ग्लुकोजला वाहून नेत नाही. स्नायू आणि मेदपेशींमध्ये ग्लूट-४ हे वाहक प्रथिन पेशीच्या आतील सूक्ष्म पुटिकांमध्ये राखून ठेवलेले असते. इन्सुलिन बाहेरच्या ग्राहीला जोडले गेले की आत संदेशांची साखळी सुरू होते, पुटिका पटलापर्यंत येऊन त्यात मिसळतात आणि पटलावरील वाहकांची संख्या वाढते. इन्सुलिन ओसरल्यावर हे वाहक पुन्हा आत घेतले जातात. स्नायूंच्या आकुंचनानेही ग्लूट-४ पटलावर येते, तेही इन्सुलिनवाचून, आणि मधुमेही व्यक्तीला चालण्याचा जो लाभ होतो त्याचे हे एक कारण आहे.

परंतु तांबड्या रक्तपेशींमध्ये ग्लूट-१ असते, मेंदूच्या चेतापेशींमध्ये प्रामुख्याने ग्लूट-३ असते, यकृतात ग्लूट-२ असते, आणि ही प्रथिने इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. यकृतावर इन्सुलिनचा परिणाम मोठा आहे, पण तो विकरांद्वारे होतो, पटलावरील वाहकांची संख्या वाढवून नव्हे. ‘मधुमेहात सगळ्या पेशी उपाशी राहतात’ हे उत्तर म्हणूनच चुकीचे ठरते. डोळ्यांतील आणि मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी रक्तातील साखर वाढली तरी आपले ग्लुकोज घेणे पुरेसे कमी करू शकत नाहीत, आणि तिथे हानी होते ती उपासमारीने नव्हे, तर आत शिरलेल्या अतिरिक्त ग्लुकोजने. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी ग्लूटचे क्रमांक आणि अवयवांचे कोष्टक पाठ करणाऱ्यांना हे सांगता येत नाही. मी कोष्टकाऐवजी एक प्रश्न लिहून घ्यायला लावते : या अवयवाला ग्लुकोज सतत हवे असते, की जेवणानंतरच साठवायचे असते? उत्तर मिळाले की वाहकांचा क्रमांकही सहसा लक्षात राहतो.

आतड्याच्या बाबतीत मात्र ग्लूटवर थांबणे हीच चूक असते. लहान आतड्याच्या पोकळीकडील बाजूस एसजीएलटी-१ हे प्रथिन दोन सोडियम आयनांसह ग्लुकोजचा एक रेणू आत घेते, आणि ते कमी संहतीकडून जास्त संहतीकडेही घेऊ शकते. पुष्कळ विद्यार्थी या प्रथिनालाच एटीपीचा बाण जोडतात. एटीपी खर्च होतो तो पेशीच्या रक्ताकडील बाजूस, जिथे सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत नेऊन आतील सोडियम कमी ठेवतो. त्या उतारावरून सोडियम आत येतो आणि ग्लुकोजला बरोबर आणतो. पुढे ग्लुकोज ग्लूट-२ मधून रक्तात उतरते. सोडियमसह वहनाची ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. आकृतीत पंप आधी काढावा आणि एसजीएलटी शेवटी काढावे, म्हणजे एटीपीचा बाण चुकीच्या जागी जात नाही.

ही चूक घरातही महाग पडते. जुलाब झालेल्या मुलाला अनेक घरांत नुसते ग्लुकोजचे गोड पाणी दिले जाते. त्यात सोडियम नसल्यामुळे हे सहवहन नीट चालत नाही, आणि फार गोड पाण्याने जुलाब वाढूही शकतात. ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट असते, आणि त्यात ग्लुकोज व सोडियम प्रत्येकी ७५ मिलीमोल राहतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशा द्रावणानेच पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. आपल्याकडे आजारी माणसाला मीठ घालून पेज देतात, त्यातही स्टार्चपासून ग्लुकोज आणि मिठातून सोडियम मिळते, म्हणून ती प्रथा योग्यच आहे. मात्र पाणी फार गेले असेल तर पाकिटातील ओआरएस मापाने एक लिटर पाण्यातच करावे, अर्ध्या ग्लासात नव्हे.

शेवटी आलेखाची चूक. साध्या विसरणाची रेषा संहतीबरोबर सरळ वर चढते, तर वाहकांमधून होणारे वहन सर्व वाहक गुंतले की एका पातळीवर येऊन थांबते. मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि मुख्यतः एसजीएलटी-२ हे तिथले वाहक प्रथिन ते परत घेते. रक्तातील साखर सुमारे १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की काही नलिकांतील वाहक अपुरे पडू लागतात आणि लघवीत साखर दिसते. म्हणून वक्ररेषा काढताना तिचे टोक कागदाबाहेर सोडू नये. ते सपाट करून त्या पातळीवर ‘सर्व वाहक व्याप्त’ असे लिहावे.