घरात मांजर आहे? मग साफसफाईतल्या या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या करून झाल्यात)

सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात आमच्या बोक्यानं, बटाट्यानं, पहिल्यांदा शू केली तेव्हा आमच्या कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, दोन झाकणं फिनाईल जास्त टाकते, वास म्हणून राहणार नाही." टाकलं. घर दवाखान्यासारखं चकाचक वासाचं झालं, मी खुश, मावशी खुश. दुसऱ्या दिवशी सकाळी बटाट्यानं त्याच कोपऱ्यात केली, तिसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात आणि वर पडद्यालाही, आणि मी गुडघ्यावर बसून घासतेय तर साहेब टीपॉयवर बसून माझ्याकडे असं बघतायत की जणू चूक माझीच. होती पण माझीच.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, वन बीएचके, दोन मांजरं, बटाट्या बोका आणि चिंगी. दोघंही पूर्ण घरातच असतात. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून रस्त्याची धूळ आहेच, त्यात यांचे केस, वाळू, अधूनमधून उलटी. पण खरं सांगू का, पहिल्या वर्षी घरात जी घाण आणि जो वास होता त्यातला अर्धा तरी माझ्या साफसफाईमुळेच होता.

फिनाईल ही सगळ्यात मोठी चूक

आपल्याकडे स्वच्छ घर म्हणजे फिनाईलचा वास येणारं घर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय ना की वास नाही आला तर लादी पुसलीच नाही असं वाटतं. पण काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून निघणारी फिनॉल जातीची रसायनं असतात, पांढऱ्यात बहुतेक वेळा पाइनचं तेल, आणि मांजराच्या यकृताला ही असली रसायनं आपल्यासारखी पटकन मोडून बाहेर टाकता येत नाहीत, त्यासाठी लागणारं एन्झाईम, म्हणजे पदार्थ मोडणारं प्रथिन, त्यांच्यात नीट कामच करत नाही. मांजर काही लादी चाटत नाही, पण ओल्या लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं, झालं, गेलं पोटात. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं ते अँटिसेप्टिक लिक्विड असतं ना आंघोळीच्या बादलीत टाकायचं, तेही याच घराण्यातलं, तेही लादीला नको.

आणि एवढं करून शू तर निघतच नाही. मांजराच्या शूमध्ये युरिक ॲसिडचे बारीक खडे असतात, ते साध्या पाण्यात धड विरघळत नाहीत, लादीच्या सांध्यात जाऊन बसतात. उन्हाळ्यात आपल्याला वाटतं गेला वास, आणि जुलैत हवा दमट झाली की तोच कोपरा पुन्हा बोलायला लागतो. ठाण्याचा पाऊस म्हणजे चार महिने हाच प्रकार. आपल्या नाकाला फिनाईल येतं, मांजराच्या नाकाला त्याच्याखालची शू येते आणि त्याचा अर्थ त्याच्यासाठी एकच, इथे टॉयलेट आहे.

मग करायचं काय तर आधी जुना पेपर किंवा टिश्यू दाबून सगळं ओलं शोषून घ्या, घासायचं नाही, घासलं की पसरतं. मग साध्या पाण्यानं पुसा आणि त्यावर एन्झाईमवाला क्लीनर, पेट शॉपमध्ये मिळतो, ऑनलाइनही मिळतो. इथे लोक दुसरी चूक करतात, फवारलं आणि लगेच पुसलं. एन्झाईमला वेळ लागतो हो, कमीत कमी १० ते १५ मिनिटं जागा ओली राहिली पाहिजे, डाग जुना असेल तर त्याहून जास्त, आणि मग आपोआप सुकू द्यायचं. मी वर एक परात पालथी घालून ठेवते म्हणजे कोणी तिथे जाऊन बसत नाही. आधी फिनाईल मारलेलं असेल तर दोन-तीनदा नुसत्या पाण्यानं धुऊन मगच एन्झाईम, नाहीतर फिनाईल त्याचं कामच होऊ देत नाही.

ब्लीच तर शूवर अजिबात टाकू नका. शूमधून अमोनिया निघतो आणि ब्लीच अन अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी धूर होतो, छोट्या बाथरूममध्ये डोळे आणि घसा दोन्ही जळतात. व्हिनेगर व्हिट्रिफाइड टाइल्सवर चालतं, पण घरात मार्बल किंवा कोटा असेल तर त्या दगडात चुना असतो, व्हिनेगरनं चकाकी कायमची जाते. लिंबाचंही तेच. गादीवर किंवा सोफ्यावर झालं असेल आणि एन्झाईम नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करून घ्या आणि आधी कापडाच्या आतल्या बाजूला लावून बघा, रंग उडतो.

डाग नक्की कुठे आहे हे कळत नसेल तर नोटा तपासायची यूव्ही टॉर्च घ्या, रात्री दिवे बंद करून फिरवा, जुनी शू पिवळट-हिरवट चमकते. मी पहिल्यांदा फिरवली तेव्हा कळलं की मी ज्या कोपऱ्याला महिनाभर शिव्या देत होते त्याच्या शेजारी, टीव्ही युनिटच्या पायाशी, आणखी तीन डाग होते. न बघितलेलं बरं असं वाटलं दोन मिनिटं.

पुसण्याआधी विचारा की का केलं

इथे मी सपशेल आपटले. लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शू-शीचा वाळूचा ट्रे, कुठे ठेवायचा तर अर्थातच ड्राय बाल्कनीत, नजरेआड, मोरी जवळ, सगळं कसं सोयीचं. पण ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन पण असतं. एकदा बटाट्या ट्रेमध्ये बसलेला असताना मशीन स्पिनवर गेलं, अख्खी बाल्कनी थरथरली, तो जो उडाला तो सोफ्याच्या मागे. त्याच्यापुरता तो ट्रे त्या दिवशी बाद झाला आणि सोफ्यामागचा कोपरा मंजूर झाला. ट्रे पॅसेजमध्ये आणल्यावर चार दिवसांत निम्मा प्रॉब्लेम संपला, फिनाईलशिवाय. पाहुण्यांना दिसतो, दिसू दे.

नियम असा सांगतात की जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त. वन बीएचकेमध्ये तीन ट्रे म्हणजे माणसांनी झोपायचं कुठे असा प्रश्न आहे, आमच्याकडे अडीच आहेत, दोन कायमचे आणि एक पसरट टब जो रात्री हॉलमध्ये येतो आणि सकाळी जातो. ट्रे मात्र मोठा हवा, मांजराच्या नाकापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंतच्या लांबीच्या साधारण दीडपट. पेट शॉपमधले छोटे गोंडस ट्रे पिल्लांना ठीक, मोठ्या बोक्याचा मागचा भाग बाहेर राहतो आणि मग आपण म्हणतो याला अक्कल नाही. मी कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा डबा एका बाजूनं कापून घेतलाय, मस्त चालतो, वाळूही कमी उडते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ट्रे स्वच्छ आहे, जागा तीच आहे आणि तरी मांजर अचानक बाहेर करायला लागलं तर आधी डॉक्टर, मग फडकं. विशेषतः बोका सारखा सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंब-दोन थेंबच येतंय किंवा काहीच येत नाहीये तर मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो. त्यात उद्या बघू चालत नाही, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री न्यायचं. दगावतात हो मांजरं यात. आणि उभ्या भिंतीवर, पडद्यावर शेपूट थरथरवत पिचकारी मारत असेल तर ते बहुतेक वेळा हद्द आखणं, नसबंदी न झालेल्या बोक्यांत हे जास्त. ऑपरेशन करून घ्या, कितीही पुसलंत तरी तो पुन्हा मारणार.

वाळूच्या भानगडी

लॅव्हेंडर, लेमन, कॉफीच्या वासाची लिटर, म्हणजे ट्रेमधली वाळू, आपल्यासाठी असते, मांजरासाठी नाही. बऱ्याच मांजरांना तो वास आवडत नाही आणि ती दुसरी जागा शोधतात. बिनवासाची, गोळा होणारी साधी बेंटोनाइट घ्या, ही चिकणमाती आपल्या शेजारच्या कच्छमधूनच मोठ्या प्रमाणात निघते. थर दोन-तीन इंचांचा ठेवा, पातळ असेल तर गोळा तळाला चिकटतो आणि मग खरवडत बसा. दिवसातून दोनदा गोळे काढायचे, सकाळी चहाचं आधण ठेवलं की एकदा आणि रात्री एकदा, दोन मिनिटांचं काम आहे, ते टाळलं की दोन तासांचं होतं. पावसाळ्यात लिटरची गोणी उघडी ठेवू नका, ती हवेतलंच पाणी पिऊन बसते आणि मग गोळे धड होत नाहीत, मी तांदळाच्या जुन्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरते. ब्रँड बदलायचा असेल तर जुन्यात थोडी थोडी मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. ट्रे भांड्याच्या सौम्य साबणानं आणि गरम पाण्यानं धुवायचा, आणि वर्षभरात ओरखडे खूप पडले की सरळ बदलायचा, वास त्या ओरखड्यांत राहतो.

कमोडमध्ये लिटर टाकू नका, प्लीज. बेंटोनाइट पाण्यात फुगते, पाइपात सिमेंटसारखी बसते, मग खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. आणि ओल्या कचऱ्यातही नको, बऱ्याच सोसायट्यांत ओल्या कचऱ्याचं खत होतं, मांजराची विष्ठा त्या खतात जायला नको. पेपरात गुंडाळून, वेगळं बांधून, हाऊसकीपिंगवाल्यांना सांगून द्यायचं.

घरात कोणी गरोदर असलं की "मांजर देऊन टाक" सुरू होतं, माझ्या वहिनीच्या वेळी तर फोनवर फोन. टोक्सोप्लाझ्मा, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणारा आणि पोटातल्या बाळाला धोका असलेला परजीवी, खरा आहे, पण विष्ठेतून पडलेली त्याची अंडी संसर्ग करायला साधारण १ ते ५ दिवस घेतात, त्यामुळे ट्रे रोज साफ झाला, तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी केला आणि मांजराला कच्चं मटण दिलं नाही तर धोका खूप कमी होतो. दुसरं कोणीच नसेल तर ग्लोव्ह्ज आणि नंतर साबणानं हात. डॉक्टरांना विचारा, मावशी-आत्यांना नाही.

केस, उलटी आणि बाकीचं

केसांसाठी पंखा चालू ठेवून झाडू मारणं म्हणजे केस या खोलीतून त्या खोलीत पाठवणं. पंखा बंद, मग भांडी घासायचा रबरी ग्लोव्ह किंचित ओला करून सोफ्यावरून एकाच दिशेनं हात फिरवा, केसांची वळकटी होऊन हातात येते, बघून जरा किळस येते आणि जाम समाधान पण वाटतं. मग लादीवर ओलसर मायक्रोफायबर. जिथे मांजर रोज झोपतं तिथे जुन्या सुती साडीची घडी टाका, निम्मे केस त्यावरच जमतात, आठवड्यातून एकदा झटकून धुवा. झटकायचं मात्र मशीनमध्ये टाकायच्या आधी, नाहीतर सगळे केस फिल्टरमध्ये. आणि ज्यांना शिंका येतात त्यांनी केसांवर सगळा राग काढू नये, ॲलर्जी करणारं प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात असतं, केस फक्त ते घेऊन फिरतात.

उलटीवर गरम पाणी ओतू नका, डाग पक्का होतो. जुन्या व्हिजिटिंग कार्डानं खरवडून घ्या आणि गार पाणी. लाल-केशरी दाण्यांच्या खाण्याचा रंग फिक्या सोफ्यावरून जात नाही, त्यामुळे मी रंगीत दाणे आणणंच बंद केलं.

वाटीत दिवसभर खाणं ठेवलं की मुंग्या, मग मुंग्यांसाठी आणि झुरळांसाठी तो खडू. त्या खडूत पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, मांजराला ते झेपत नाही. वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा, मुंग्या पोहत नाहीत. डांबर गोळ्या, कापूर, नीलगिरीचं तेल, घर सुवासिक करायला म्हणून हे कपाटाबाहेर ठेवू नका, तिन्ही मांजराला विषारी.

एक बारीक गोष्ट जी मी साफसफाईत धरतच नव्हते. देवाच्या हाराचा, गजऱ्याचा दोरा. फुलपुडी सोडली की दोरा ओट्यावर, तिथून खाली आणि खालून मांजराच्या पोटात. दोरा आतड्यात गेला तर आतडं गोळा होतं, ऑपरेशनच. तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच उचलून डॉक्टरकडे न्या. आता आमच्याकडे फुलांची पुडी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडूनच सोडतात.

सोफ्यामागच्या त्या कोपऱ्यात शेवटी मी एन्झाईमनं दोनदा साफ करून, सुकल्यावर, बटाट्याची खाण्याची वाटीच नेऊन ठेवली. जिथे खातात तिथे शक्यतो करत नाहीत मांजरं. तेव्हापासून कोपरा कोरडा आहे. मावशींना अजून लादीला वास नाही आला की चुकल्यासारखं होतं, पण परवा त्याच म्हणाल्या, "ताई, ते मांजराचं औषध संपत आलंय बाटलीतलं, मागवून ठेवा, जरा थोडं माझ्या घरी पण न्यायचंय, पोरानं पिल्लू आणलंय."